स्क्रब टायफस आणि हृदयाची लय : एका वैद्यकीय प्रश्नाचा इतिहास

स्क्रब टायफस हा ओरिएन्शिया त्सुत्सुगामुशी या जिवाणूमुळे होणारा ज्वर होय. गवताझुडपांत वावरणाऱ्या चिगर माइट या सूक्ष्म किडीच्या अळ्या चावल्याने तो माणसास होतो. चाव्याच्या जागी पुष्कळदा काळी खपली धरते. जपानमधील नदीकाठच्या शेतकऱ्यांना हा आजार फार पूर्वीपासून परिचित होता. 'स्क्रब' हे नाव मात्र मलायातले. विल्यम फ्लेचर व त्यांच्या सहकाऱ्यांनी १९२० च्या दशकात तेथे शहरी वस्तीतील 'शॉप' टायफस आणि झुडपी रानातील 'स्क्रब' टायफस असा भेद केला. ताप चढूनही नाडी त्या मानाने मंद राहते, हे या रोगाचे लक्षणही चिकित्सकांच्या नजरेस आले होते. तथापि हृदयाचा प्रश्न स्वतंत्रपणे उभा राहिला तो दुसऱ्या महायुद्धात.

न्यू गिनी, ब्रह्मदेश व मणिपूरच्या रणभूमीवर या तापाने सैनिक मोठ्या संख्येने आजारी पडले. हिवतापावर निदान औषध तरी होते. यावर काहीच नव्हते. लष्करी रुग्णालयांत घेतलेल्या हृदयालेखांत (ईसीजी) पीआर अंतर लांबणे, टी तरंग चपटा किंवा उलटा होणे असे बदल आढळू लागले. हॅरॉल्ड लेव्हिन यांनी ३१ मृतांचा, विशेषतः त्यांच्या हृदय व रक्तवाहिन्यांचा अभ्यास १९४६ मध्ये प्रसिद्ध केला. या काळातील शवविच्छेदनांतून एक विसंगती पुढे आली : हृदयस्नायूंच्या मधल्या ऊतीत दाह स्पष्ट दिसे, परंतु स्नायुतंतू बहुतांशी शाबूत असत. मग बरा झालेला सैनिक किती काळ खाटेवर ठेवावा? हृदय कायमचे दुबळे होईल या धास्तीने आरंभी अनेक आठवड्यांची सक्तीची विश्रांती दिली जाई. पुढील पाहणीत हृदयालेख बहुधा पूर्ववत होतात असे दिसले आणि ही धास्ती ओसरली.

हा निष्कर्ष चुकीचा नव्हता. पण तो ज्यांच्यावरून काढला ते वैद्यकीय तपासणीतून निवडलेले तरुण पुरुष होते, ही मर्यादा फारशी लक्षात घेतली गेली नाही. १९४८ मध्ये जोसेफ स्मॅडेल यांच्या पथकाने क्वालालंपूर येथे क्लोरॅम्फेनिकॉलची परिणामकारकता दाखवली. ताप झपाट्याने उतरू लागला आणि हृदयाची चर्चा मागे पडली.

ती परतली रुग्ण बदलल्यावर. दक्षिण कोरियात शेतात राबणारी वयस्क माणसे या रोगाची मुख्य बळी ठरतात. तेथील राष्ट्रीय आरोग्य विम्याच्या नोंदींच्या अभ्यासात या रुग्णांत नव्याने उद्भवणारे एट्रियल फिब्रिलेशन, म्हणजे अलिंदांचे अनियमित स्फुरण, ठळकपणे पुढे आले. भारतातही, अगदी २०१८ च्या विदर्भातील उद्रेकापर्यंत, हा ताप मुख्यतः गावशिवारातलाच राहिला आहे.

उपचारानेही या प्रश्नास नवे वळण दिले. ॲझिथ्रोमायसिनमुळे हृदयालेखातील क्यूटी अंतर लांबून घातक लयबिघाड संभवतो, असा इशारा अमेरिकेच्या औषध नियामकाने २०१३ मध्ये दिला. पुढे २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या भारतीय चाचणीत, तीव्र स्क्रब टायफसमध्ये डॉक्सिसायक्लिन व ॲझिथ्रोमायसिन शिरेतून एकत्र देणे हे यांपैकी एकच औषध देण्यापेक्षा सरस ठरले. मृत्यूचे प्रमाण मात्र सर्व गटांत जवळपास सारखेच राहिले. त्यामुळे अशा रुग्णाच्या हृदयालेखात आता रोगाची आणि औषधाची खूण वेगवेगळी ओळखावी लागते. युद्धकाळातील डॉक्टरांपुढे ही अडचण नव्हती, कारण त्यांच्याजवळ औषधच नव्हते.