खिचडीने शिक्षण बुडते काय?

‘शाळा म्हणजे अन्नछत्र नव्हे’, असे शालेय पोषण आहाराबद्दल सुशिक्षित घरांत सर्रास म्हटले जाते. या पक्षाचे म्हणणे तीन मुद्द्यांत मांडता येते. मुले शिकायला नव्हे, खायला येतात. गरिबाला मदत करायचीच तर पैसे थेट पालकांच्या खात्यात जमा करावेत. आणि तांदळाच्या हिशेबात शिक्षकांचे तास वाया जातात. असे म्हणणाऱ्यांना शिक्षणाची कळकळ आहे, हे मी मानतो. म्हणूनच त्यांना उत्तर देणे अगत्याचे वाटते.

मुले खायला येतात, हे खरे धरू. मग बिघडले काय? आईबाप पहाटेच मजुरीला गेले, मूल कोऱ्या चहात पाव बुडवून शाळेत आले. अकरा वाजता त्याच्या पोटात कावळे ओरडत असताना पाढे डोक्यात कसे शिरावेत? ज्याँ द्रेझ आणि अपराजिता गोयल यांनी छत्तीसगड, राजस्थान व कर्नाटकातील शाळांची पाहणी २००३ मध्ये प्रसिद्ध केली. शिजवलेले जेवण सुरू झाल्यावर तेथे पहिलीचा पट सुमारे १५ टक्क्यांनी वाढला होता; मुलींचा १९ टक्क्यांनी. कोणी म्हणेल, पटावर नाव चढले म्हणजे विद्या आली असे नव्हे. बरोबर. पण तनिका चक्रवर्ती आणि राजश्री जयरामन यांचा २०१९ चा अभ्यास पाहा. पाच वर्षांपर्यंत हे जेवण मिळालेल्या मुलांचे वाचनाचे गुण, वर्षभरही न मिळालेल्यांपेक्षा १८ टक्क्यांनी जास्त होते. गणिताचे ९ टक्क्यांनी. मुले खायला आली आणि वाचायला शिकली.

आता थेट मदतीचा मुद्दा. तिचा एक प्रकार आपण करून पाहिला आहे. १५ ऑगस्ट १९९५ रोजी केंद्राची योजना सुरू झाली, तेव्हा बहुतेक राज्यांत मुलामागे महिन्याला तीन किलो कोरडे धान्यच दिले जाई. ते घरच्या डब्यात पडे आणि घरातल्या सगळ्या तोंडांत वाटले जाई. अखेर २८ नोव्हेंबर २००१ रोजी सर्वोच्च न्यायालयाने शिजवलेले जेवण देण्याचा आदेश दिला. खात्यातल्या पैशांचेही धान्यासारखेच होणार. महिन्याच्या रकमेला अनेक वाटा फुटतात. दुपारचे ताट मात्र त्या मुलाचेच असते आणि त्यासाठी त्याला रोज शाळेत यावे लागते.

शिक्षकांची तक्रार मात्र रास्त आहे. पोती मोजणे, नोंदवही भरणे हे त्यांचे काम नव्हे. पण त्यावर उपाय काय? हिशेबाला वेगळा माणूस नेमणे, की चूल विझवणे? जेवण बंद केले तर शिक्षकाचा तास वाचेल. त्या तासाला बसायला मूल येईल का?

उरतो निकृष्ट जेवणाचा आरोप. मे २०२५ पासून प्राथमिक विद्यार्थ्यामागे रोजचा मंजूर खर्च ६ रुपये ७८ पैसे आहे. धान्य वेगळे मिळते; पण २० ग्रॅम डाळ, ५० ग्रॅम भाजी, ५ ग्रॅम तेल, मसाला आणि जळण, सारे यातच बसवायचे. बाजारात जाऊन वाचकांनी स्वतः हिशेब करावा आणि मगच निवाडा द्यावा. डाळ पातळ झाली, हे मान्य. पण दोषी ताट नव्हे. हात आखडता कोणी घेतला, ते आधी विचारा.