लंडन, १९५६ : शेवट नसलेली जादू

९ एप्रिल १९५६ ची रात्र. बीबीसीच्या ‘पॅनोरामा’ कार्यक्रमाचे थेट प्रक्षेपण संपत आले होते. भारतीय जादूगार पी. सी. सरकार यांनी आपल्या १७ वर्षांच्या सहकारी तरुणीला संमोहित केल्याचे भासवून टेबलावर निजवले आणि विजेवर फिरणारी गोल करवत तिच्या कमरेतून आरपार नेली. करवत थांबली. सरकारांनी तिला हाका मारल्या, तिचे हात चोळले. ती हलली नाही. त्यांनी मान हलवली आणि तिचा चेहरा काळ्या कापडाने झाकला. तोच निवेदक रिचर्ड डिम्बलबी कॅमेऱ्यासमोर आले, कार्यक्रम संपल्याचे त्यांनी सांगितले आणि श्रेयनामावली सरकू लागली.

बीबीसीचे दूरध्वनी खणखणू लागले. मुलगी मेली, अशी असंख्य प्रेक्षकांची खात्री झाली होती.

वास्तविक हा प्रयोग लंडनला नवा नव्हता. पी. टी. सेल्बिट यांनी १९२१ मध्ये तेथेच पेटीत बंद केलेल्या स्त्रीला करवतीने कापून दाखवले होते. पुढे होरेस गोल्डिन यांनी पेटी काढून गोल करवत आणली. कापलेली स्त्री अखेरीस हसत उठते, हे प्रेक्षक गृहीत धरीत. त्या भरवशावरच तर भीतीची मजा घेता येते! सरकारांच्या प्रयोगात नेमका हा भरवसाच नाहीसा झाला.

प्रेक्षकाची नजर एकीकडे खिळवायची आणि खरे काम दुसरीकडे उरकायचे, हा जादूगाराचा जुना डाव. ते ‘दुसरीकडे’ म्हणजे एरवी डावा हात, बाही किंवा टेबलाचा तळ. त्या रात्री ते बहुधा घड्याळ होते. सारे करवतीकडे पाहत राहिले. प्रक्षेपणाची किती मिनिटे उरली, याकडे कोणाचे लक्ष असणार?

वेळ संपल्यामुळे कार्यक्रम थांबवावा लागला, असा खुलासा बीबीसीने केला. मात्र सरकार वेळेच्या काटेकोरपणासाठी प्रसिद्ध होते. त्यामुळे हा योगायोग जादूच्या अनेक अभ्यासकांना पटत नाही, आणि तो पटू नये हेच रास्त.

सरकारांना त्या यशाची निकडही होती. टांगाइल परिसरात, म्हणजे आजच्या बांगलादेशात, १९१३ मध्ये जन्मलेल्या या जादूगाराने आडनावाचे इंग्रजी स्पेलिंगही असे बदलले होते की वाचणाऱ्याला ‘सॉर्सरर’, म्हणजे मांत्रिक, हा शब्द आठवावा. महाराजाचा पोशाख आणि ‘जगातील सर्वश्रेष्ठ जादूगार’ हे स्वतःच घेतलेले बिरुद पाश्चात्त्य जादूगारांच्या डोळ्यांत खुपत असे. भारतीय जादू म्हणजे दोरीवर चढणारा पोरगा, एवढीच तेथे अनेकांची समजूत. अशा शहरात ड्यूक ऑफ यॉर्क्स थिएटरमधील प्रयोगांना गर्दी खेचायची होती.

दुसऱ्या दिवशी वर्तमानपत्रांनी ही बातमी ठळकपणे छापली. तरुणी अर्थातच सुखरूप होती. थिएटरची तिकिटे मात्र संपली.