शून्य रुपयांचं तिकीट

एसटीत ७५ वर्षांवरच्या माणसाला तिकीट लागत नाही, असं आपण म्हणतो. ते तितकंसं खरं नाही. तिकीट लागतंच. वाहक आधार कार्ड बघतो, मशीनची बटणं दाबतो आणि कागदाची पट्टी फाडून हातात देतो. कुठून कुठे ते तिच्यावर छापलेलं असतं आणि रकमेच्या जागी शून्य. ही पट्टी केवळ प्रवाशासाठी नसते. अशा शून्यांचा हिशेब करूनच महामंडळ राज्य सरकारकडून सवलतीची रक्कम मागतं. म्हणजे म्हाताऱ्या माणसाचा प्रवास फुकट नसतो, त्याचे पैसे दुसरं कोणीतरी भरतं.

माझ्या आईला हे शून्याचं तिकीट मिळत नाही. तिच्या धाकट्या भावाला, माझ्या मामाला, मिळतं. भंडारा ते पवनी हा पंचेचाळीसेक किलोमीटरचा रस्ता दोघं एकाच बाकावर बसून करतात. हे असं का, ते शोधायला गेले आणि मी थेट इंग्रजांच्या काळातल्या मध्य प्रांतात जाऊन पोचले.

त्याआधी योजनेबद्दल. स्वातंत्र्याच्या अमृतमहोत्सवी वर्षात, ऑगस्ट २०२२च्या अखेरीस, राज्य सरकारने ७५ वर्षं पूर्ण केलेल्यांना एसटीच्या सगळ्या गाड्यांमधून मोफत प्रवास सुरू केला. नाव ‘अमृत ज्येष्ठ नागरिक’. ६५ ते ७५ वयाच्यांना अर्धं तिकीट होतंच, ते राहिलं. ही पंचाहत्तरीची रेघ कुठून आली? गुडघे ७५ला जास्त दुखतात म्हणून नव्हे. देश ७५ वर्षांचा झाला म्हणून. मला ही गोष्ट गमतीची वाटते आणि थोडी त्रासाचीही, कारण देशाची जन्मतारीख सगळ्यांना पाठ आहे, पण त्या साली झाडीपट्टीत जन्मलेल्या बाईची जन्मतारीख कोणालाच माहीत नसते.

पुढे १७ मार्च २०२३पासून सगळ्याच महिलांना अर्धं तिकीट झालं. योजना चांगलीच, पण तिच्यामुळे ६५ ते ७५ मधल्या बायकांच्या ज्येष्ठपणाला बसमध्ये वेगळा अर्थ उरला नाही. वीस वर्षांच्या नातीला जे तिकीट, तेच सत्तरीच्या आजीला. बाईसाठी आता पंचाहत्तरीची रेघ तेवढी महत्त्वाची.

फुकट प्रवासाचा इतिहास बघितला तर तो गरजेपासून सुरू होत नाही, मानापासून होतो. माझ्या पिढीने बसमधल्या बाकांवरच्या पाट्या वाचून अक्षरं पक्की केली: आमदार, स्वातंत्र्यसैनिक, पत्रकार, अपंग. आमदाराच्या जागेवर मी एकही आमदार बसलेला पाहिला नाही, पण पाटी मात्र कायम. स्वातंत्र्यसैनिक फुकट प्रवास करत, अधिस्वीकृतीधारक पत्रकार करत. ज्यांनी काही कमावलं होतं त्यांना ही मुभा. केवळ जगून म्हातारं झालेल्या माणसाला ती मिळायला एसटीची चौऱ्याहत्तर वर्षं गेली. १ जून १९४८ला पुणे-अहमदनगर रस्त्यावर पहिली गाडी धावली तेव्हा भंडारा या व्यवस्थेत नव्हताच. तो मध्य प्रांतात होता, मग मध्य प्रदेशात. १ नोव्हेंबर १९५६ला विदर्भ द्वैभाषिक मुंबई राज्यात आला, आणि नागपूरकडची प्रांतिक बससेवा पुढे राज्य परिवहन महामंडळात विलीन झाली. आज भंडारा विभागात भंडारा, तुमसर, साकोली आणि पवनीबरोबर गोंदिया आणि तिरोडा ही आगारंही आहेत. जिल्हा १९९९ला तुटला, एसटीच्या हिशेबात तो अजून एकच आहे.

म्हाताऱ्यांचे पैसे कोणी भरायचे यावर इंग्लंडात चक्क खटला झाला होता. बर्मिंगहॅमच्या नगरपालिकेने सत्तरीपुढचे पुरुष आणि पासष्टीपुढच्या बायकांना आपल्या गाड्यांतून मोफत नेण्याचं ठरवलं. प्रेस्कॉट नावाचा एक करदाता कोर्टात गेला. कोर्ट म्हणालं, हेतू कितीही चांगला असो, करदात्यांच्या पैशातून एका गटाला अशी भेट देण्याचा अधिकार नगरपालिकेला नाही. तेव्हा जिथे अशा सवलती आधीपासून चालू होत्या त्या वाचवण्यासाठी १९५५ला संसदेला कायदा करावा लागला. आयर्लंडने १९६७ला मोफत प्रवास सरळ सरकारी धोरण म्हणूनच आणला. आपल्याकडे प्रेस्कॉट झाला नाही. आपल्याकडे भांडण होतं ते वाहकाशी, आणि तेही आधार कार्डावरच्या तारखेवरून.

रेल्वेचं तर उलटंच झालं. साठीपुढच्या पुरुषांना ४० टक्के आणि ५८च्या पुढच्या बायकांना ५० टक्के सूट होती, ती मार्च २०२०मध्ये करोनाच्या निमित्ताने थांबवली गेली. करोना गेला, गाड्या भरल्या, सूट काही आली नाही. मामा पूर्वी वरठीच्या भंडारा रोड स्टेशनवरून गोंदियाला जायचा. आता एसटीनेच जातो.

अपंगांच्या बाबतीत तारखेऐवजी टक्का असतो. ४० टक्के किंवा जास्त अपंगत्वाचं प्रमाणपत्र असेल तर एसटीत ७५ टक्के सूट, अपंगत्व जास्त असेल तर सोबत्यालाही सवलत. १९९५च्या कायद्यात अपंगत्वाचे सात प्रकार होते, २०१६च्या कायद्यात एकवीस झाले आणि त्यांत सिकलसेलही आला. विदर्भासाठी ही मोठी गोष्ट. आमच्याकडे सिकलसेलची पोरं दुखणं उठलं की दवाखान्यात जातात, चार दिवसांनी परततात आणि बाहेरून धडधाकट दिसतात. बसमध्ये त्यांच्याकडे कोणी अपंग म्हणून बघत नाही. एसटीने सिकलसेल, हिमोफिलिया आणि डायलिसिसच्या रुग्णांना मोफत प्रवास दिला आहे, पण शेवटी तिथेही कागद दाखवावाच लागतो. न दिसणाऱ्या दुखण्याला आणि न नोंदलेल्या वयाला कागदावाचून कोणी ओळखत नाही.

तर आईचा कागद. आधार काढताना ऑपरेटरने वय विचारलं, आई म्हणाली, “मले काय मालूम, तूच पाह्य.” त्याने पाहिलं आणि टाकलं. जन्मतारीख १ जानेवारी १९५२ झाली. ज्यांची तारीख माहीत नाही त्यांचा वाढदिवस असा १ जानेवारीला येतो. आमच्या गल्लीत त्या दिवशी जन्मलेले निदान आठ म्हातारे-म्हाताऱ्या आहेत. आई शाळेत गेलीच नाही, त्यामुळे दाखला नाही. मामा गेला. गुरुजींनी भरती करताना त्याची तारीख १ जुलै १९४७ लिहिली. जून-जुलैच्या तारखा ही गुरुजींची सोय, आणि पोरगं अंगाने मोठं दिसत असेल तर साल थोडं मागे. कागदावर धाकटा भाऊ मोठ्या बहिणीपेक्षा साडेचार वर्षांनी थोरला झाला.

आईचं खरं वय काढायला माझ्याकडे एकच खूण होती. ती म्हणते, “बाबासाहेब भंडाऱ्याले उभे होते, तवा मी बकऱ्या चारत होती.” ही पोटनिवडणूक मे १९५४ची. डॉ. आंबेडकर भंडारा मतदारसंघातून राखीव जागेसाठी उभे होते आणि काँग्रेसच्या भाऊराव बोरकरांकडून हरले. आधार कार्ड खरं मानलं तर माझी आई सव्वादोन वर्षांची असताना बकऱ्या चारत होती.

मग कोणीतरी म्हणालं, कोतवाल बुक बघ. विदर्भाबाहेरच्या वाचकाला हे सांगायला हवं. मध्य प्रांतातल्या गावांत जन्ममृत्यूची नोंद कोतवाल ठेवायचा आणि ती पुढे पोलीस ठाण्याला कळवायचा. १९६९चा जन्ममृत्यू नोंदणी कायदा यायच्या कितीतरी आधीपासूनची ही पद्धत. त्या बुकांच्या नकला आज मुख्यतः जात पडताळणीसाठी लोक काढतात, कारण त्यांत बापाची जात लिहिलेली असते. वय शोधायला आलेली मी बहुधा निराळीच गिऱ्हाईक होते. अभिलेख कक्षातल्या माणसाने विचारलं, “कास्ट व्हॅलिडिटी का?” मी म्हटलं, “नाही, बसचं तिकीट.” तो हसला, पण गठ्ठा काढून दिला.

पानं वाळलेल्या तंबाखूसारखी झाली होती. आजोबांचं नाव दोनदा सापडलं. एकदा १९४४ला, एकदा १९४७ला. दोन्हीकडे बापाचं नाव, जात, गाव, आणि पुढच्या रकान्यात एकच शब्द: मुलगी. नाव नाही. बारसं व्हायच्या आतच नोंद होत असे, आणि नंतर नाव भरायला कोण जातो? आजीची एक मुलगी लहानपणीच गेली, हे घरात सगळ्यांना माहीत आहे. पण ती आईच्या आधीची की नंतरची, हे सांगायला आता कोणी उरलं नाही. आई १९४४ची असो की १९४७ची, दोन्ही हिशेबांनी तिची पंचाहत्तरी होऊन गेली आहे. पण आधारवरची तारीख बदलायला तिच्या नावाचा कागद हवा आणि ‘मुलगी’ हे कोणाचंच नाव नव्हे.

तेव्हा १ जानेवारी २०२७ची वाट बघायची. तोवर गाडी असली पाहिजे, हेही खरं. २०२१च्या दिवाळीच्या सुमारास एसटीचे कर्मचारी संपावर गेले ते एप्रिल २०२२पर्यंत. त्या महिन्यांत काळी-पिवळीने कोणालाच अर्धं तिकीट लावलं नाही. आईने तेव्हा पवनीचं जाणंच सोडलं होतं.

मागच्या महिन्यात आम्ही तिघं निघालो. वाहक तरुण होता. मामाचं आधार बघून त्याने शून्याची पट्टी काढली, आईचं न बघताच अर्धं फाडलं. आईने मामाच्या हातातली पट्टी घेतली, डोळ्यांजवळ नेऊन बघितली, परत दिली. मामा नेहमीसारखा म्हणाला, “बाई, खिडकीकडे सरक.”

“सरकतो, दादा,” आई म्हणाली. पुढचा बाक हसला. मामा अड्याळ येईपर्यंत काही बोलला नाही.