गोयल, आशिमा

गोयल, आशिमा : भारतीय अर्थतज्ज्ञ व आर्थिक सल्लागार. मुंबई उपनगरातील गोरेगाव (पूर्व) येथील इंदिरा गांधी विकास संशोधन संस्थेत त्यांनी दीर्घकाळ अध्यापन व संशोधन केले. फिल्म सिटी रस्त्यावरची ही संस्था रिझर्व्ह बँकेने १९८७ मध्ये सुरू केली. १९९५ मध्ये तिला अभिमत विद्यापीठाचा दर्जा मिळाला. गोयल २०१७ मध्ये स्थापन झालेल्या पंतप्रधानांच्या आर्थिक सल्लागार परिषदेच्या अंशकालीन सदस्य होत्या. ऑक्टोबर २०२० ते ऑक्टोबर २०२४ या काळात त्या रिझर्व्ह बँकेच्या पतधोरण समितीच्या बाह्य सदस्य होत्या. विकसनशील देशांचे समग्रलक्षी अर्थशास्त्र हा त्यांच्या ग्रंथलेखनाचा व संपादनाचा मुख्य विषय आहे.

महागाईविषयक विचार : भारतात काम मागणारे हात भरपूर आहेत, त्यामुळे मागणी वाढली की उत्पादनही वाढू शकते, किमती भडकतात त्या मुख्यतः अन्नधान्य, भाजीपाला आणि खनिज तेल यांच्या पुरवठ्याला धक्का बसल्यामुळे, हे त्यांच्या मांडणीचे सूत्र. अशा वेळी व्याजदर चढवून मागणी दाबली तर महागाई थोडी उतरते, पण रोजगार आणि उत्पादन यांचे नुकसान मोठे होते. जुलै २०२३ मध्ये टोमॅटो किलोला शंभर रुपयांच्या पुढे गेला आणि किरकोळ महागाई ७.४४ टक्क्यांवर पोहोचली. रेपो दर, म्हणजे रिझर्व्ह बँक इतर बँकांना ज्या व्याजदराने अल्पमुदतीचे कर्ज देते तो दर, ६.५० टक्क्यांवरच होता, तरी नवे पीक बाजारात आल्यावर सप्टेंबरमध्ये महागाई ५.०२ टक्क्यांपर्यंत खाली आली. महागाई चार टक्क्यांवर, दोन टक्के इकडेतिकडे, राखण्याचे उद्दिष्ट मात्र गोयल यांना मान्य आहे. लोकांचा त्या उद्दिष्टावर विश्वास बसला की भाववाढ मजुरीत आणि इतर किमतींत मुरत नाही, असे त्या मानतात.

समितीतील मतदान : मे २०२२ ते फेब्रुवारी २०२३ या काळात रेपो दर ४ टक्क्यांवरून ६.५० टक्क्यांवर गेला. सप्टेंबर २०२२ मध्ये बहुमताने अर्धा टक्का वाढ केली. गोयल यांचे मत ०.३५ टक्क्याच्या बाजूने होते. फेब्रुवारी २०२३ च्या पाव टक्का वाढीला त्यांनी व समितीचे आणखी एक बाह्य सदस्य जयंत वर्मा यांनी विरोध केला. जून व ऑगस्ट २०२४ मध्ये या दोघांनी पाव टक्का कपात मागितली. दोन्ही वेळा चार विरुद्ध दोन मतांनी दर कायम राहिला. अपेक्षित महागाई वजा केल्यावर उरणारा खरा व्याजदर गरजेपेक्षा जास्त झाला आहे, हा त्यांचा आक्षेप होता. चढ्या रेपो दराची झळ उपनगरांतल्या घरांपर्यंत पोहोचते. बँकांची नवी बदलत्या दराची गृहकर्जे ऑक्टोबर २०१९ पासून बाह्य मानक दराशी, बहुधा रेपोशी, जोडलेली आहेत. मुलुंड किंवा बोरिवलीतल्या सदनिकेसाठी घेतलेले ५० लाखांचे २० वर्षांचे कर्ज ७ टक्क्यांवरून ९.५ टक्क्यांवर गेले आणि मुदत तीच ठेवली, तर महिन्याचा हप्ता सुमारे ३८,८०० रुपयांवरून ४६,६०० रुपयांवर जातो.

राजकोषीय धोरण : पुरवठ्याच्या धक्क्यावरचा उतारा मोठ्या प्रमाणात सरकारच्या हाती असतो, असे गोयल सांगतात. कच्चे तेल महागल्यावर इंधनावरचा कर कमी करणे हा त्यातला एक उपाय. मे २०२२ मध्ये केंद्राने पेट्रोलवरील उत्पादन शुल्क लिटरमागे ८ आणि डिझेलवरील ६ रुपयांनी उतरवले, ते याच दिशेचे पाऊल होते. तुटीच्या आकड्याइतकेच खर्चाचे स्वरूप त्या महत्त्वाचे मानतात : रस्ते, वीज, साठवण, शिक्षण यांवरचा खर्च उद्याचा पुरवठा वाढवतो. मोफत सवलतींची किंमत कुणाला तरी मोजावीच लागते, म्हणून आश्वासन देणाऱ्या पक्षाने पैसा कुठून येणार हेही मतदारांना सांगावे, असे त्यांचे मत आहे.

बाजारविषयक विचार : परकीय भांडवलाला दारे टप्प्याटप्प्याने उघडावीत, रुपयाला मर्यादित चढउतार करू द्यावा आणि टोकाच्या हालचालीत रिझर्व्ह बँकेने हस्तक्षेप करावा, असा मध्यममार्ग त्या सुचवतात. तेजीत नियम कडक आणि मंदीत सैल, हे वित्तीय नियमनाचे तत्त्व त्यांना योग्य वाटते.

टीका व मूल्यमापन : ग्राहक किंमत निर्देशांकाच्या तत्कालीन मालिकेत अन्न व पेयांचा वाटा सुमारे ४६ टक्के होता. त्यामुळे अन्नमहागाई टिकून राहिली तर तिच्याकडे डोळेझाक करता येत नाही, अशी समितीतील बहुमताची भूमिका होती. ऑक्टोबर २०२४ मध्ये भाज्यांमुळे महागाई पुन्हा ६.२१ टक्क्यांवर गेली, तेव्हा या भूमिकेला बळ मिळाले. दुसरीकडे, जुलै-सप्टेंबर २०२४ या तिमाहीतील आर्थिक वाढ पहिल्या अंदाजात अवघी ५.४ टक्के निघाली, आणि तिने गोयल यांच्या आक्षेपाला बळ दिले. फेब्रुवारी २०२५ मध्ये दरकपात सुरू झाली. जूनपर्यंत रेपो ५.५० टक्क्यांवर आला. दर ठरवण्याआधी महागाईचे मूळ शोधा, हा आग्रह समितीच्या चर्चेत सातत्याने धरणे ही त्यांची मोलाची कामगिरी आहे. प्रत्येक सदस्याचे लेखी निवेदन बैठकीनंतर चौदाव्या दिवशी प्रसिद्ध होते. गोयल यांची चार वर्षांची निवेदने सर्वांना खुली आहेत. हप्ता भरणाऱ्या प्रत्येकाने ती वाचावीत.