वीज बंद होताच पुसला जाणारा पुरावा

संगणकात कोणी घुसखोरी केल्याचा संशय आला की सामान्य वापरकर्त्याचा हात आधी बटणाकडे जातो. संगणक बंद केला म्हणजे नुकसान थांबले, अशी त्याची समजूत असते. तपासाच्या दृष्टीने मात्र ही घाई अनेकदा महागात पडते. चालू असलेले प्रोग्रॅम, उघड्या नेटवर्क जोडण्या, कूटबद्ध डिस्कची किल्ली हे सारे रॅम या तात्पुरत्या स्मृतीत असते आणि वीज तुटल्यावर थोड्याच वेळात विरून जाते. जानेवारी २००३ मध्ये जगभर धुमाकूळ घालणारा ‘एसक्यूएल स्लॅमर’ हा अवघ्या ३७६ बाइटचा वर्म तर हार्ड डिस्कवर आपली फाइलही ठेवत नसे.

ही स्मृती वाचण्याच्या शास्त्राला २००५ च्या सुमारास वेग आला. २००७ साली ‘व्होलॅटिलिटी’ हे पायथन भाषेत लिहिलेले ओपन सोर्स साधन प्रसिद्ध झाले. उडून जाण्याचा गुणधर्म हा या शब्दाचा अर्थ. नाव समर्पकच म्हणायचे. लिनक्ससाठी ‘लाइम’, विंडोजसाठी ‘विनपीमेम’ अशा साधनांनी आधी रॅमची प्रत घ्यायची आणि मग ती व्होलॅटिलिटीने वाचायची, अशी ही पद्धत आहे. २०२१ पासून तिसरी आवृत्ती अधिकृतपणे उपलब्ध आहे. जुन्या पुस्तकांतील आज्ञा तिच्यात जशाच्या तशा चालत नाहीत.

विंडोज चालू प्रक्रियांची एक साखळी राखते. काही लबाड प्रोग्रॅम आपली कडी त्या साखळीतून अलगद काढून घेतात. मग टास्क मॅनेजरमध्ये ते दिसत नाहीत, पण चालू राहतात. व्होलॅटिलिटीचे ‘पीएसलिस्ट’ साखळी धरून चालते, तर ‘पीएसस्कॅन’ साखळीवर विश्वास न ठेवता सगळी स्मृती चाळते. दुसऱ्या यादीत असलेले आणि पहिल्यात नसलेले नाव संशयास्पद ठरते. अर्थात नुकत्याच संपलेल्या प्रक्रियाही तेथे सापडतात, म्हणून तेवढ्यावर कोणाला दोषी धरता येत नाही.

प्रत घेणारे साधन स्वतःही रॅममध्येच जागा घेते आणि प्रत होत असताना स्मृती बदलत राहते. भारतात १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय साक्ष अधिनियमाच्या कलम ६३ खालील प्रमाणपत्रात हॅश मूल्य नोंदवावे लागते. डिस्कची दुसरी प्रत काढून हे मूल्य पडताळता येते. रॅमच्या बाबतीत ती सोय नाही. तेथे हॅश एवढेच सांगतो, की प्रत घेतल्यानंतर तिला कोणी हात लावलेला नाही.