चिखलीचे वर्ष : तिथी, तारीख आणि गुरुवार

महाराष्ट्रात चिखली नावाची गावे अनेक आहेत. त्यांपैकी बुलढाणा जिल्ह्यातील चिखली तालुक्याचे ठिकाण म्हणून सर्वपरिचित आहे. प्रस्तुत लेखात आम्हांस अभिप्रेत आहे ती पुणे जिल्ह्यातील, इंद्रायणीकाठची चिखली. देहू आणि आळंदी यांना जोडणाऱ्या रस्त्यावरील हे गाव वारकरी परंपरेत टाळगाव चिखली म्हणून ओळखले जाते. १९९७ मध्ये त्याचा पिंपरी-चिंचवड महानगरपालिकेच्या हद्दीत समावेश झाला. एका बाजूस भोसरीचे व दुसऱ्या बाजूस चाकणचे कारखाने, आणि मध्ये ही वस्ती. पोटापाण्यासाठी मराठवाड्यातून, विदर्भातून, सोलापूर-अहिल्यानगरकडून आलेली कुटुंबे येथे स्थिरावली. त्यांत बौद्धांची संख्याही मोठी आहे. गावाकडे असताना त्यांचे वर्ष पेरणी-काढणीने मोजले जात होते. येथे ते कशाने मोजले जाते, हा आमच्या जिज्ञासेचा विषय आहे.

प्रश्न वरवर किरकोळ वाटेल. सण-उत्सव ही आनंदाची बाब, त्यात इतिहास तो काय, असे कोणी म्हणेल. परंतु एखाद्या समाजाने धर्म बदलला की त्याला सर्वप्रथम अडचण येते ती वर्षाची. जुने सण सोडले तर रिकाम्या झालेल्या दिवसांचे काय करावयाचे? १९५६ नंतरच्या पहिल्या पिढीपुढे हा प्रश्न घराघरांत उभा होता, आणि त्याचे उत्तर कोणत्याही ग्रंथात तयार मिळण्यासारखे नव्हते.

विनयपिटकाच्या महावग्गातील उपोसथाची उत्पत्तिकथा या संदर्भात फार बोलकी आहे. मगधराज बिंबिसाराच्या ध्यानात आले की, अन्य पंथांचे परिव्राजक पक्षाच्या चतुर्दशीस, पंचदशीस व अष्टमीस एकत्र जमतात, धर्म सांगतात, लोक ऐकावयास जातात आणि त्या पंथांविषयी त्यांच्या मनात आपुलकी निर्माण होते. आपल्या भिक्षूंनीही तसे का करू नये, असे त्याने तथागतांस सुचविले आणि तथागतांनी ते मान्य केले. पुढचा भाग तर अधिकच मनोज्ञ आहे. भिक्षू ठरल्या दिवशी जमले खरे, पण मुकाट बसून राहिले. लोक चिडले, मुक्या डुकरांसारखे हे काय बसतात, असे बोलू लागले. त्यानंतर त्या दिवशी धम्म सांगण्याची अनुज्ञा दिली गेली. वर्षावासाची गोष्टही याच जातीची आहे. पावसाळ्यातही भिक्षू हिंडतात, कोवळे गवत तुडवितात, बारीक जीव चिरडतात, इतर पंथांचे लोक तरी एका जागी राहतात, अशी तक्रार लोकांनीच केली होती.

म्हणजे बौद्ध वर्षाचे हे दोन्ही आधारस्तंभ भोवतालच्या लोकव्यवहारातून उचललेले आहेत. दिवस लोकांचा, आशय धम्माचा. हे सूत्र ध्यानात ठेवले तर पुढचा अडीच हजार वर्षांचा व्यवहार समजण्यास सोपा जातो.

सम्राट अशोकाने याच सूत्राची राजाज्ञा केली. पहिल्या शिलालेखात तो समाजांवर, म्हणजे गर्दीच्या उत्सवी मेळ्यांवर, निर्बंध घालतो, कारण त्यांत त्यास पुष्कळ दोष दिसतात. पण काही समाज आपणांस मान्य आहेत, असेही तो लगेच नोंदवितो. नवव्या शिलालेखात आजारपण, लग्न, अपत्यजन्म, प्रवास अशा प्रसंगी लोक, विशेषतः स्त्रिया, जी नाना प्रकारची मंगलकृत्ये करतात त्यांचा उल्लेख येतो. ती करावीत, पण त्यांचे फळ अल्प आहे. दास व सेवक यांच्याशी योग्य वर्तन, वडीलधाऱ्यांचा आदर, प्राण्यांविषयी संयम आणि श्रमण-ब्राह्मणांस दान हे धम्ममंगल मात्र महाफलदायी होय, असा त्याचा आशय. या नवव्या लेखाचा एक खंड आपल्या महाराष्ट्रात, सोपाऱ्याच्या परिसरात, सापडला आणि तोही १९५६ साली. या योगायोगावर कोणताही सिद्धान्त उभारण्याचा आमचा विचार नाही. तरी तो नोंदविल्यावाचून राहवत नाही. पहिल्या शिलालेखातील समाजांची आठवण मात्र आमच्या भागात दर चैत्र-वैशाखात होते. मावळ, खेड, हवेलीच्या जत्रांतील बैलगाडा शर्यती सर्वोच्च न्यायालयाने २०१४ मध्ये बंद केल्या आणि राज्याने केलेली कायदेदुरुस्ती २०२३ मध्ये वैध ठरविली. बैलाला किती त्रास होतो हा वाद न्यायालयात चालला. अशोकाला तो परका वाटला नसता.

आता चिखलीच्या आसमंताकडे वळू. गावापासून फार दूर नसलेल्या, पुणे-मुंबई रस्त्यालगतच्या घोरावडेश्वराच्या डोंगरावर महाशिवरात्रीस मोठी जत्रा भरते. ज्या गुहांत ती भरते त्या मूळच्या बौद्ध लेणी असून अभ्यासक त्यांना शेलारवाडीची लेणी म्हणतात. तेथील एका ब्राह्मी लेखात धेनुकाकट येथे राहणाऱ्या उसभणक नावाच्या नांगरधारी कुटुंबिकाची पत्नी सिअगुतनिका हिने आपल्या नंद नावाच्या पुत्रासह हे लेणे दान दिल्याचे नमूद आहे. कार्ल्याच्या चैत्यगृहास यवनांनी व व्यापाऱ्यांनी दिलेली दाने सर्वांस ठाऊक असतात. येथे मात्र एक शेतकरी स्त्री लेणे कोरविते आणि त्यावर स्वतःचे नाव घालते. जत्रेच्या दिवशी त्या पायऱ्या चढणाऱ्या हजारो स्त्रियांपैकी कोणासही हे नाव कधी कोणी सांगितलेले नसते. देहूजवळच्या भंडारा डोंगरावर तुकोबा चिंतनास बसत. तेथेही कातळात खोदलेली प्राचीन लेणी आहेत. दामोदर कोसंबी यांनी १९६२ च्या आपल्या ग्रंथात या भागातील लेणी, जुन्या व्यापारी वाटा आणि देवींची ठाणी यांचा अन्योन्यसंबंध दाखवून दिला आहे. जागा तीच राहते, यात्रेकरूही पुष्कळदा तेच राहतात. दैवताचे नाव बदलते.

या परिसराच्या बौद्ध वर्षाला निश्चित वळण मिळाले ते २५ डिसेंबर १९५४ रोजी, देहूरोड येथे. त्या महिन्यात रंगून येथे भरलेल्या तिसऱ्या जागतिक बौद्ध परिषदेस बाबासाहेब उपस्थित होते. तेथून आणलेल्या बुद्धमूर्तीची स्थापना त्यांनी देहूरोडच्या विहारात स्वहस्ते केली. लष्करी डेपोंच्या आधाराने वाढलेली ती श्रमिकांची वस्ती होती. नागपूरच्या दीक्षेस तेव्हा अजून पावणेदोन वर्षे अवकाश होता. याच प्रसंगी त्यांनी बौद्ध धम्म सामान्य माणसास समजेल अशा ग्रंथाचे काम चालू असल्याचे सांगितले. तोच ग्रंथ ‘बुद्ध आणि त्याचा धम्म’ या नावाने १९५७ मध्ये, त्यांच्या महापरिनिर्वाणानंतर, प्रसिद्ध झाला. पंढरपूरचे मूळ बौद्ध आहे हे आपले मतही त्यांनी तेथे मांडले. ते मत विद्वानांत आजही वादग्रस्त आहे. परंतु देहूच्या अंगणात, वारीच्या वाटेवर ते उच्चारले जावे, याचा अर्थ त्या श्रोत्यांस निराळा समजावून सांगण्याची गरज नव्हती. त्यांच्यापैकी अनेकांच्या घरी माळ होती आणि पंढरीच्या देवळात मात्र अस्पृश्यांना १९४७ पर्यंत प्रवेश नव्हता.

देहूरोडची ती जागा आज धम्मभूमी म्हणून ओळखली जाते आणि दर २५ डिसेंबरास तेथे जनसमुदाय लोटतो. याच तारखेस १९२७ मध्ये महाड येथे मनुस्मृतीचे दहन झाले होते. नाताळची सुटी असल्यामुळे कामगारास त्या दिवशी येणे शक्य होते, ही गोष्टही लहान समजू नये. त्याच १९५४ मध्ये पिंपरीस हिंदुस्थान अँटिबायोटिक्सचा सरकारी कारखाना स्थापन झाला आणि या माळरानाचे औद्योगिक नगरीत रूपांतर होण्यास प्रारंभ झाला. मूर्ती आणि यंत्र ही दोन्ही एकाच वर्षी या भागात आली.

२५ डिसेंबर ही तारीख आहे, तिथी नाही. येथेच आमच्या मते या इतिहासाचे मर्म आहे. बौद्धांच्या नव्या वर्षाचा मोठा भाग तारखांनी बनला. १ जानेवारीस कोरेगाव भीमा, जेथील १८१८ च्या लढाईच्या विजयस्तंभास बाबासाहेबांनी १९२७ मध्ये भेट दिली. २० मार्चला चवदार तळे. ११ एप्रिलला जोतीराव. १४ एप्रिलला भीमजयंती, जिचा पहिला सार्वजनिक समारंभ जनार्दन सदाशिव रणपिसे यांनी १९२८ मध्ये पुण्यात घडवून आणला. ६ डिसेंबरला चैत्यभूमी. तारीख ही कचेरीची, शाळेच्या दाखल्याची, हजेरीपटाची. ती जाणून घेण्यासाठी कोणा पुरोहितास विचारावे लागत नाही. ज्यांना शतकानुशतके आपला दिवस दुसऱ्याच्या पंचांगातून विचारून घ्यावा लागला, त्यांनी आपल्या मुक्तीचे दिवस तारखेने लक्षात ठेवावेत, हे आम्हांस अगदी स्वाभाविक वाटते.

पौर्णिमा मात्र तिथीनेच येतात. वैशाखी, ज्येष्ठी, आषाढी अशा बाराही पौर्णिमा आपल्या परंपरेत कोणत्या ना कोणत्या घटनेशी निगडित आहेत. दोन्ही गणनांचा सांधा जुळतो तो विजयादशमीस. १४ ऑक्टोबर १९५६ रोजी विजयादशमी होती, तिलाच आपण अशोक विजयादशमी म्हणतो. त्यानंतर तिथी आणि तारीख क्वचितच एकत्र येतात, आणि दीक्षाभूमीवरील मुख्य सोहळा तिथीने होतो. भोसरी-चाकणच्या कारखान्यांत याच सुमारास यंत्रांना झेंडूच्या माळा चढतात. एकच सुटी, तिचे अर्थ दोन. यंत्राची पूजा करून घरी गेलेला आणि पांढरी वस्त्रे नेसून विहारात गेलेला असे दोन कामगार दुसऱ्या दिवशी त्याच यंत्रावर शेजारी उभे असतात. २०२५ मध्ये दसरा २ ऑक्टोबरला आला आणि गांधीजयंतीची सुटी त्यातच जिरली. या गोष्टीवर मात्र सर्व धर्मांच्या कामगारांचे एकमत झाले असावे.

तिथी, तारीख यांखेरीज चिखलीत एक तिसरी गणना चालते, ती गुरुवारची. विजेचा भार वाटून घेण्यासाठी औद्योगिक वसाहतींना साप्ताहिक सुटीचे निरनिराळे वार नेमून दिले गेले, आणि या पट्ट्याच्या वाट्यास गुरुवार आला. मुलांची शाळा रविवारी बंद, बापाचा कारखाना गुरुवारी बंद. पौर्णिमा गुरुवारी आली तर विहार भरतो. मंगळवारी आली तर दुसऱ्या पाळीचा कामगार रात्री अकराच्या पुढे घरी येतो आणि त्याची पौर्णिमा बसच्या खिडकीतून संपते. परिणामी बारा पौर्णिमांपैकी वैशाखी तेवढी, सुटीमुळे, सार्वजनिक उरली; इतर पौर्णिमा विहारातील थोड्या वडीलधाऱ्यांच्या आणि पुष्कळशा स्त्रियांच्या स्वाधीन झाल्या. जयंत्या वाढल्या, उपोसथ आटला. आम्हांस चिंता वाटते ती या गोष्टीची.

मिरवणुकीस नावे ठेवणे सोपे आहे, आणि तसे करणाऱ्यांत सुशिक्षित बौद्धही कमी नाहीत. आम्ही त्यांच्या पंक्तीस बसू इच्छित नाही. पाचव्या शतकाच्या आरंभी फाहियान पाटलिपुत्रात होता. दुसऱ्या महिन्याच्या अष्टमीस तेथे बुद्धमूर्तींची मिरवणूक निघे. चार चाकांचे, बांबूचे मजले चढविलेले सुमारे वीस रथ असत, गायन-वादन चाले, रात्रभर दिवे जळत, आणि ब्राह्मण येऊन बुद्धांस नगरात येण्याचे आमंत्रण देत, असे त्याने लिहून ठेवले आहे. तेव्हा १४ एप्रिलच्या रथास परंपरा नाही असे कोणी म्हणू नये. पण फाहियानाचा तो परिच्छेद तेथेच संपत नाही. त्याला लागूनच तो त्या नगरीतील श्रीमंत गृहस्थांनी चालविलेल्या आरोग्यशाळांचे वर्णन करतो, जेथे अनाथ, अपंग व रुग्ण यांना औषध आणि अन्न विनामूल्य मिळे. ध्वनिक्षेपकांच्या भिंतीवर एका रात्रीत जो खर्च होतो, त्याचा विचार करताना परिच्छेदाचा हा उत्तरार्ध आमच्या तरुण मंडळांनी अवश्य वाचावा.

वर्षावासाचे तीन महिने हीच या वर्षातील खरी ठेव आहे. आषाढी पौर्णिमेपासून आश्विन पौर्णिमेपर्यंत ठिकठिकाणच्या विहारांतून ‘बुद्ध आणि त्याचा धम्म’ या ग्रंथाचे सायंकाळी वाचन होते. कामाच्या वेळेनुसार कोणी आज येतो, कोणी उद्या. ग्रंथ मात्र पुढे जात राहतो. वारकऱ्यांचा चातुर्मास आषाढी एकादशीस सुरू होऊन कार्तिकी एकादशीस संपतो. आपला वर्षावास आषाढी पौर्णिमेचा आणि कठिन चीवरदानाचा काळ कार्तिकी पौर्णिमेपर्यंतचा. दोन्ही टोकांना अंतर अवघे चार दिवसांचे. पाऊस एकच, चिखल एकच. त्यात थांबून राहण्याची गरज सर्वांनाच होती. २०२३ मध्ये श्रावण अधिक आल्याने आपल्याकडे ३ जुलैस आषाढी पौर्णिमा झाली, तर थायलंडात ती १ ऑगस्टला पाळली गेली, आणि इकडचा वर्षावास आपोआप चार महिन्यांचा झाला. काही विहारांत त्या वाढीव महिन्यात ग्रंथ पुन्हा पहिल्या खंडापासून वाचावयास घ्यावा की कसे, याची चर्चा झाली, हे आम्हांस शुभलक्षण वाटते. वर्ष कसे मोजावे याचा विचार लोक स्वतः करू लागले होते.

ज्येष्ठ पौर्णिमा ही महेंद्र थेरांच्या लंकागमनाची. तिच्यानंतर सातव्या दिवशी देहूहून आणि आठव्या दिवशी आळंदीहून पालखीचे प्रस्थान होते, आणि त्या सप्ताहात देहू-आळंदी रस्त्यावरून दिंड्यांची ये-जा चालू असते. रस्त्यालगतच्या वस्त्यांतून वारकऱ्यांना पाणी व चहा देणाऱ्यांत निळे उपरणे घेतलेले तरुणही दिसतात. पहिली पाळी असली तर ते दुपारी तीननंतर येतात.