बायझंटाइन लष्करी अधिकाऱ्यांच्या कारकिर्दीचे साधन : शिशाच्या मुद्रा

प्रस्तावना :
बायझंटाइन साम्राज्याच्या लष्करी इतिहासाची प्रमुख लिखित साधने म्हणजे इतिवृत्ते आणि दरबारी मानक्रमाच्या याद्या. इ. स. ८९९ मधील फिलोथिओसची यादी अधिकारश्रेणी सांगते. त्या पदांवर कोण होते, हे सांगत नाही. इतिवृत्ते नामांकित सेनापतींची दखल घेतात, दुय्यम अधिकाऱ्यांची क्वचितच. ही उणीव शिशाच्या मुद्रा बऱ्याच अंशी भरून काढतात. प्रस्तुत निबंधात या साधनाचे मूल्य व मर्यादा तपासल्या आहेत.

साधनाचे स्वरूप :
पत्र बांधलेला दोरा शिशाच्या चकतीतून ओवून ती चकती सांडशीसारख्या लोखंडी ठशात दाबली जाई. बहुतेक पत्रे नष्ट झाली. मुद्रा मात्र टिकल्या. वॉशिंग्टन येथील डम्बार्टन ओक्स संग्रहातच सुमारे १७,००० मुद्रा आहेत. त्यांवर सामान्यतः नाव, मानाचा किताब व पद असते. अकराव्या शतकात कुलनामांचे प्रमाण वाढते.

विवेचन :
पद काढून घेतले जाई. किताब सहसा कायम राही. म्हणून एकाच व्यक्तीच्या मुद्रा किताबांच्या चढत्या क्रमाने लावल्यास तिच्या बढतीचा मार्ग उलगडतो. अलेक्सिओस कोम्नेनोसचे उदाहरण बोलके आहे. त्याची कन्या ॲना हिच्या ‘अलेक्सियाड’ ग्रंथानुसार बंडखोर बासिलाकेसच्या पराभवानंतर त्यास ‘सेबास्तोस’ हा किताब मिळाला. ‘सेबास्तोस व पश्चिमेचा डोमेस्टिकोस’, म्हणजे पश्चिमेकडील सैन्याचा सरसेनापती, असा उल्लेख असलेली त्याची मुद्रा उपलब्ध आहे. ती १०७८ पूर्वीची असू शकत नाही, आणि एप्रिल १०८१ मध्ये तो सम्राट झाल्यानंतरचीही नाही. कन्येने लिहिलेल्या पितृगौरवाच्या ग्रंथास येथे स्वतंत्र, समकालीन आधार मिळतो.

मर्यादा :
बहुतांश मुद्रांवर तिथी नसते. अक्षरवळण व प्रतिमांवरून कालनिश्चिती करावी लागते. कुलनाम नसल्यास समान नावाच्या दोन व्यक्ती एकच मानल्या जाण्याचा धोका असतो. शिवाय मुद्रा जेथे सापडते, ते बहुधा पत्र पोहोचल्याचे ठिकाण असते. पाठविणाऱ्याच्या नेमणुकीचे नव्हे.

निष्कर्ष :
याद्या व्यवस्थेचा आराखडा देतात, इतिवृत्ते घटना सांगतात; मुद्रा त्या व्यवस्थेतील प्रत्यक्ष माणसे समोर आणतात. एकटी मुद्रा केवळ एका क्षणाची नोंद असते. अनेक मुद्रा व लिखित साधने यांचा परस्परांशी पडताळा घेतला, तरच कारकिर्दीचा विश्वसनीय इतिहास सिद्ध होतो.